फियाटचा तळ

(दृश्य : पद्मिनी समोरून, मग कॅमेरा गाडीखाली)

ही गाडी बाहेरून बघितली तर कुणीही म्हणेल, चांगली आहे की! क्रोम चमकतंय, रंगही बरा आहे. दरवाजा लावला की जुन्या फियाटचा तो भरदार आवाज येतो.

आता ड्रायव्हरच्या सीटसमोर बघा. क्लचच्या पायाखाली जे दिसतंय तो गाडीचा तळ नाही, गॅरेजचा कोबा आहे.

रबरी मॅट उचलली, तिच्याखालचा तागाचा नमदा उचलला आणि नमद्याला चिकटून पत्र्याचे पापुद्रेही वर आले. पत्रा गंजवणारं पाणी खालून येतं असं सगळ्यांना वाटतं. थोडं येतंही. चाकांनी उडवलेली खडी तळाचा रंग टवके टवके काढते आणि तिथून सुरुवात होते. पण खरं नुकसान वरून होतं. समोरच्या काचेचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरतं आणि नमद्यात मुरतं. वर मॅट असल्यामुळे ते सुकत नाही. लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरते, त्यात मुंबईचा खारा वारा मीठ आणून टाकतो आणि काम वेगाने होतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात तो शिरला की जोड आतून फुगतो. ही फुगलेली कड बघा. एकेकाळी इथे दोन पत्रे एकमेकांना घट्ट चिकटलेले होते.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, प्रीमियर रोडची पाटी)

ही गाडी परत आली आहे ती आपल्या जन्मगावीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिचा कारखाना इथे कुर्ल्याला होता. आधी क्रायस्लरच्या गाड्यांची जुळणी झाली, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ पासून इथे फियाट ११०० डिलाइट बनू लागली. सत्तरच्या दशकात तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाली. नाव बदललं, इंजिन तेच राहिलं, १०८९ सीसीचं. लोकांनी मात्र ‘फियाट’ म्हणणं सोडलं नाही. नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, तेव्हा कुठे चावी हातात यायची. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. कारखान्याच्या जागेवर आता टॉवर आहेत. रस्त्याचं नाव तेवढं प्रीमियर रोड राहिलं.

(दृश्य : सीट बाहेर, मिस्त्री हातोडीने तळ ठोकून बघताना)

गॅरेजचे मिस्त्री म्हणजे आपले चाचा. त्यांना तळ ऐकू येतो म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. हातोडीची टोकदार बाजू घेऊन ते इंच इंच ठोकत जातात. टणक पत्रा खणखणतो, खाल्लेला पत्रा भदभद वाजतो. तसा आवाज आला की खडूची खूण. मालकांनी दाखवलेलं भोक बशीएवढं होतं. खडूची रेघ निघाली दरवाजाच्या उंबरठ्यापासून थेट गिअरबॉक्सच्या बोगद्यापर्यंत.

आणि इथे घाई करून चालत नाही. ट्रकला किंवा जीपला खाली चासी म्हणजे लोखंडी सांगाडा असतो, सगळा भार तो घेतो. फियाटला वेगळी चासी नाही. तळ, दोन्ही बाजूंचे पोकळ उंबरठे, खांब आणि छत मिळूनच गाडी उभी राहते. तळ कापला, त्यात उंबरठाही कुजलेला असला, तर गाडी मधोमध खचू शकते. मग तळ कितीही सुंदर जोडा, दरवाजा परत नीट लागणार नाही. म्हणून कटर हातात घेण्याआधी चाचांनी पुढच्या आणि मधल्या खांबामध्ये लोखंडी अँगल तात्पुरते वेल्ड केले. दरवाजाच्या फटी वर-खाली मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवल्या. गॅरेजची ही भिंत म्हणजे त्यांची वही.

बॅटरी काढली. तळाखालून जाणारी पेट्रोलची नळी सोडवून बाजूला घेतली. ग्राइंडरच्या ठिणग्या आणि पेट्रोल एका जागी नकोत.

(दृश्य : कटिंग, ठिणग्या)

कापताना गंजाच्या कडेला थांबायचं नाही, चांगला पत्रा लागेपर्यंत जायचं. बहुतेक गॅरेजांत इथेच हात आखडता घेतला जातो. कुजलेल्या भागावर नवा तुकडा ठेवायचा, चार रिव्हेट मारायचे, वरून डांबर. काम दोन तासांत, मालक खूश. आत गंज चालूच. या गाडीतही तेच निघालं. वरचा पत्रा उचलला तर खाली दुसरा, त्याच्याखाली डांबरात बुडवलेलं गोणपाट. चाचांनी ते उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं आणि एवढंच म्हणाले, ‘हे बघा.’

नवा तळ विकत मिळत नाही असं नाही, पण मिळालेला बसेलच याची खात्री नाही. चाचा आधी पुठ्ठा घेतात. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापायचा, ठेवायचा, पुन्हा कापायचा. तो बरोबर बसला की पत्र्यावर आखायचा. पत्रा २० गेजचा सीआर, म्हणजे थंड अवस्थेत लाटलेला, जाडी साधारण ०.९ मिलिमीटर. जिथे सीटचे बोल्ट येतात तिथे १८ गेजचा जाड तुकडा. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा का नाही, असं आम्ही विचारलं. तो वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो, आणि तो धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो. चाचांनी तरुणपणी तो ताप काढला आहे.

सपाट पत्रा तळ म्हणून चालत नाही. पाय ठेवला की डबा वाजल्यासारखा वाजेल. मूळ तळावर उभ्या-आडव्या नाळ्या आहेत त्या नक्षीसाठी नाहीत, पत्र्याला ताठपणा त्यांनीच येतो. त्या बनवायला इथे मशीन नाही. सागाच्या ठोकळ्यात खाच कोरली आहे, तिच्यावर पत्रा, पत्र्यावर गोल सळी, सळीवर हातोडी. एकदम खोल जायचं नाही, पत्रा फाटतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत हलक्या हाताने, मग पुन्हा पहिल्यापासून.

(हा शॉट कापू नये. आवाज तसाच ठेवावा.)

(दृश्य : वेल्डिंग)

पूर्वी हे काम गॅस वेल्डिंगने व्हायचं. त्याची उष्णता पसरते आणि पातळ पत्रा पापडासारखा वाकतो. आता सीओटू वेल्डिंग, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू सोडत विजेवर केलेलं. तरीही सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इथे, दुसरा समोरच्या कोपऱ्यात, तिसरा मध्ये. हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं, मग मधल्या जागा भरायच्या. उंबरठ्याला जोडताना पत्र्याच्या कडेला आधी भोकं पाडून त्या भोकांतून वेल्ड करतात, कारखान्यातल्या स्पॉट वेल्डच्या जागी. अँगल काढण्याआधी फटी पुन्हा मोजल्या. भिंतीवरचे आकडे जुळले.

मग ग्राइंडिंग, झिंक प्राइमर, सांध्यांवर सीलंट आणि खालून अंडरकोट. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, कुठेही नाही. तळाला लांबी भरणारा माणूस, चाचांच्या मते, डेंटर म्हणजे पत्र्याचा कारागीर नव्हे.

या सगळ्याची मजुरी धरली तर बाजारात या गाडीला येईल त्याहून खर्च जास्त. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी वेगळी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, काळ्या-पिवळ्या पद्मिनी मुंबईतून गेल्या, आणि ज्यांचं पोट या गाड्यांच्या पत्र्यावर होतं त्यांच्यातले बरेच जण आता विम्याच्या कामातले बंपर बदलतात.

(दृश्य : तळ, वरून)

पाणी जायला ठेवलेली भोकं नव्या तळातही आहेत, रबरी बुचांसकट. पाऊस संपला की बुचं काढून ठेवा, असं चाचांनी मालकांना बजावलं आहे. नमदा पुन्हा घालायचा नाही. काचेचं रबर नवं येईपर्यंत गाडी ताडपत्रीखाली राहील.

मागच्या सीटखालचा भाग आणि कमानपाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जागा या मालिकेच्या पुढच्या भागात. तिथे खडूच्या खुणा करून झाल्या आहेत.