रॅम्से स्ट्रीटवरून निघालेली मार्गो

[पडद्यावर: मेलबर्नचं उपनगर. विटांची घरं, कापलेली हिरवळ, पुढे रस्ता नसलेली गल्ली.]

मेलबर्नच्या पूर्वेला व्हरमाँट साउथ नावाचं उपनगर आहे. या गल्लीचं खरं नाव पिन ओक कोर्ट, पण ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये लोक तिला रॅम्से स्ट्रीट म्हणूनच ओळखतात. 1985 मध्ये सुरू झालेल्या 'नेबर्स' या मालिकेतली ही गल्ली. घरांच्या बाहेरचे प्रसंग इथं व्हायचे, आतले स्टुडिओतल्या सेटवर.

जून 2008 मध्ये या गल्लीत डोना फ्रीडमन हे पात्र आलं. भूमिका पाहुणीची होती. ती करणारी, पुढे हॉलिवूडची नायिका झालेली मार्गो रॉबी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमधल्या डॅल्बीत जन्मलेली, गोल्ड कोस्टच्या परिसरात वाढलेली. डोना पडद्यावर आली तेव्हा मार्गोला अठरा पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. ही पाहुणी जानेवारी 2011 पर्यंत राहिली.

[पडद्यावर: स्टुडिओ. सेटभोवती कॅमेरे, जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा.]

या अडीच वर्षांत तिच्या हाताला काय वळण लागलं, ते नीट पाहायला हवं. आठवड्याला पाच भाग, जाहिराती वगळून प्रत्येकी बावीस मिनिटांच्या आसपास. म्हणजे दर आठवड्याला जवळजवळ एका चित्रपटाएवढं काम. हे जमतं ते एकाच वेळी अनेक कॅमेरे चालवल्यामुळे. दिग्दर्शक नियंत्रणकक्षातून एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जातो आणि नट प्रसंग सलग करतात. जमिनीवरची खूण हुकली, फूटभर पुढे पाऊल पडलं, की चेहरा प्रकाशातून बाहेर जातो किंवा मागचा नट झाकला जातो. मग अख्खा प्रसंग पुन्हा, आणि वेळ तर मोजकाच. म्हणून खाली न बघता खुणेवर थांबणं, पाठांतर पक्कं ठेवणं आणि पहिल्या-दुसऱ्या टेकमध्येच काम देणं अंगवळणी पडतं.

याच कारखान्यात एक खोडही लागते. मालिकेत प्रसंगाच्या शेवटी नट दोन-तीन सेकंद नजर धरून ठेवतो, कारण पुढे जाहिरात किंवा दुसरा प्रसंग जोडायचा असतो. चित्रपटाच्या मोठ्या पडद्यावर तीच धरलेली नजर खोटी वाटते. शिवाय चित्रपटात बहुतेक वेळा एकच कॅमेरा असतो. तोच प्रसंग आधी लांबून, मग जवळून, मग समोरच्या नटाच्या बाजूने. कोणत्या शब्दावर कप उचलला, कोणत्या हाताने उचलला, हे प्रत्येक वेळी जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर संकलकाला तो तुकडा वापरता येत नाही, मग त्यातला अभिनय कितीही चांगला असो.

आणि उच्चार. ऑस्ट्रेलियन क्रिकेट समालोचक 'टुडे' म्हणतो तेव्हा आपल्याला ते 'टुडाय'सारखं ऐकू येतं. 'कार'मधला शेवटचा 'र' तो गिळतो. अमेरिकी इंग्रजीत तो 'र' ठसठशीत लागतो. मार्गोने 'नेबर्स'मध्ये असतानाच अमेरिकी उच्चारांची शिकवणी सुरू केली होती. अमेरिकेत नव्या मालिकांच्या नमुना भागांसाठी कलाकार निवडण्याचा हंगाम तेव्हा वर्षाच्या सुरुवातीला असे, आणि मालिका सोडून ती नेमकी त्याच वेळी लॉस एंजेलिसला गेली. त्याच वर्षी 'पॅन अॅम'मध्ये हवाई सुंदरीची भूमिका मिळाली. चौदा भागांत मालिका बंद पडली.

बंद पडली ते तिच्या पथ्यावरच पडलं. अशा मालिकांचे करार अनेक वर्षांचे असतात. चालली असती तर ती अडकली असती. 2013 च्या डिसेंबरमध्ये मार्टिन स्कॉर्सेसींचा 'द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट' आला. त्यात तिने केलेली नेओमी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनची. इथं मोठी मेख होती: जुन्या ब्रुकलिनी बोलीतही शेवटचा 'र' गळतो! कष्टाने कमावलेला 'र' सोडायचा, पण सोडताना स्वर घरच्या वळणावर जाऊ द्यायचे नाहीत. निवडचाचणीत तिने लिओनार्डो डिकॅप्रिओच्या थोबाडीत मारली. संहितेत ते नव्हतं. हा किस्सा सगळेच सांगतात. मला मात्र तिच्या उच्चारांची मेहनत जास्त मोलाची वाटते.

[पडद्यावर: बर्फाचं रिंगण, स्केटच्या पात्याचा जवळून शॉट.]

2014 मध्ये तिने तीन साथीदारांबरोबर 'लकीचॅप' ही निर्मितीसंस्था काढली. भूमिकेची वाट पाहण्यापेक्षा संहिताच शोधायची. त्यातून 2017 मध्ये आला 'आय, टोन्या', अमेरिकी फिगर स्केटर टोन्या हार्डिंगवरचा चित्रपट. टोन्या मार्गोच झाली. खर्च सुमारे 1 कोटी 10 लाख डॉलर, हॉलिवूडच्या मानाने किरकोळ, आणि चित्रीकरण महिन्याभराच्या आसपास. दिवसाला इतके प्रसंग उरकायचे म्हणजे पुन्हा मालिकेचाच वेग. तो वेग तिच्या हाडात होता.

त्याआधी सुमारे चार महिने स्केटिंगचा सराव. तिला आइस हॉकी थोडीफार येत होती, पण तिथंच घोटाळा होतो. हॉकीच्या पात्याची पुढची आणि मागची टोकं गोलावलेली असतात. फिगर स्केटच्या टोकाला उडीसाठी दाते असतात. हॉकीच्या सवयीने वजन पुढे टाकलं की दाते बर्फात रुततात आणि माणूस तोंडावर आपटतो. टोन्याची ट्रिपल अॅक्सल ही उडी तर आणखी वेगळी. पुढे तोंड करून उडायचं आणि मागे तोंड करून उतरायचं, म्हणून 'तिहेरी' म्हटली तरी गिरक्या साडेतीन. ती करणारी डुप्लिकेट मिळाली नाही. उडी संगणकावर घडवावी लागली. या भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पहिलं ऑस्कर नामांकन मिळालं.

पुढचं थोडक्यात. 'बॉम्बशेल'साठी सहायक अभिनेत्रीचं नामांकन. तिच्या संस्थेच्या 'प्रॉमिसिंग यंग वूमन'ला मूळ पटकथेचं ऑस्कर. आणि 2023 चा 'बार्बी', ज्याची ती नायिकाही आणि निर्मातीही. जगभरची तिकीटविक्री 140 कोटी डॉलरांच्या वर.

[पडद्यावर: पुन्हा पिन ओक कोर्ट, संध्याकाळ.]

28 जुलै 2022 रोजी 'नेबर्स'चा तेव्हा शेवटचा म्हणून ठरवलेला भाग दाखवला गेला. त्यात काही क्षणांपुरती डोना फ्रीडमन परत आली. मालिकेला 37 वर्षं झाली होती, आणि मार्गोने सेटवरच्या मंडळींसाठी शॅम्पेनच्या 37 बाटल्या पाठवल्या.