सातेरीच्या मेणाला वात कुठली?

हा जो पिवळाधमक गोळा दिसतोय ना, ते गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या काकांच्या पेटीतलं सातेरी मधमाशांचं मेण, मध काढून झाल्यावर उरलेल्या पोळ्यांचं. पाण्यात वितळवलं आणि जुन्या धोतराच्या कापडातून दोनदा गाळलं. कापडावर राहिलेला काळपट चोथा बघा, तो मेणात राहिला असता तर वातीत अडकून बसला असता आणि मग कितीही भारी वात आणा, ज्योत मरगळणारच. एक किलो मेण करायला माशा कित्येक किलो मध खातात, म्हणून ते वाया घालवायचं जिवावर येतं.

आता वात. घरात पहिला हात जातो समईच्या वातीकडे, आम्हीही तेच केलं. पण समईत तेल पातळ असतं आणि वात आपण मधेमधे पुढे सारतो, मेणबत्तीत ते कोण करणार? नुसत्या पिळाच्या वातीचं जळकं टोक ज्योतीत सरळ उभं राहतं, काजळी धरतं, पूर्वी लोक ते कात्रीने कापत बसायचे. 1825 च्या सुमाराला फ्रान्समधे कांबासेरे नावाच्या माणसाने वात वेणीसारखी गुंफली. वेणीचं टोक जळता जळता वाकतं, ज्योतीच्या कडेला येतं आणि तिथेच त्याची राख होते. जवळून बघा, हे आत्ता वाकतंय ते.

3 डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला मेणबत्त्यांचे जे ढीग दिसतात त्या बहुतेक पॅराफिनच्या, म्हणजे खनिज तेलातून काढलेल्या मेणाच्या, तसल्या लांब मेणबत्तीला चपटी वेणी चालते. आपलं मेण वितळतं 62 ते 64 डिग्रीला, आणि पातळ झालं तरी दाटच, ते वर ओढायला चौकोनी विणीची जाड सुती वात लागते. तिचे नंबर आधी गोंधळात टाकतात, 6/0 सगळ्यात बारीक, मग 2/0, 1/0, आणि त्यापुढे 1, 2 अशा जाड होत जातात.

ह्या तीन मेणबत्त्या, तिन्ही पाऊण इंचाच्या, एकाच भांड्यातल्या. डावीकडची 6/0, ज्योत स्वतःच्याच मेणात बुडतेय. उजवीकडची नंबर 2, ज्योत उंच, धूर, आणि मेण भराभरा ओघळतंय. मधली 2/0, वितळलेलं मेण काठापर्यंत आलंय पण सांडत नाहीये. आमच्या जाडीला हीच बसली, तुमची जाडी वेगळी असेल तर दोनतीन नंबर जाळूनच बघा, दुसरा उपाय नाही. (पंखा बंद ठेवा, वाऱ्यात चांगली वातपण वाईट दिसते.)

एकदा बाजारातल्या एका दुकानातून सुती म्हणून आणलेला दोरा निघाला मिक्स. तेव्हापासून रीळ आणलं की आधी एक धागा पेटवतो, सुताची राख होते, प्लास्टिक असेल तर टोकाला कडक मणी येतो.

मेण नेहमी पाण्याच्या भांड्यात स्टीलचा डबा ठेवून, थेट आगीवर कधीच नाही. लोखंड किंवा तांब्याच्या भांड्यात रंग जातो. वात आधी नुसतीच गरम मेणात सोडायची, हे बुडबुडे बघा, वातीतली हवा निघतेय. बुडबुडे थांबले की बाहेर काढून बोटांनी ताणून सरळ करायची. वेणीतले व्ही सुलटे राहायला हवेत, म्हणून खालच्या टोकाला गाठ मारून ठेवतो. मग मेण 70 च्या आसपास, एक बुडी, वर काढा, गार होऊ द्या, परत बुडी. रेंगाळलात तर आधीचा थर सुटतो. पंचवीसएक बुड्या झाल्या तेव्हा कुठे ही पाऊण इंचाची झाली, आणि मावशींनी हाताखाली पाटावर लोळवून सरळ केली ती अशी.

लाईट गेलीय. वात अर्धा सेंटीमीटर ठेवून कापली, पेटवली. उद्या जाड मेणबत्तीला 1/0 लावून बघणार आहोत.