घरात माळवं नाही? येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी: चार माणसांचं पोटभर जेवण

(कॅमेऱ्यासमोर. ओट्यावर कढई, धान्याच्या वाट्या, भिजवलेली चिंच.)

नमस्कार मंडळी. एप्रिल-मे उजाडला की मराठवाड्यात कोरड्यास, म्हणजे भाकरीसोबत लावून खायला, काय करायचं हा रोजचाच प्रश्न. माळवं, म्हणजे भाजीपाला, महाग, आणि पालेभाजी बाजारात दिसली तरी उन्हानं मान टाकलेली. नेमके अशाच दिवशी दोन पाहुणे दारात. त्यासाठीच फडताळात येसराचा डबा असतो. येसर म्हणजे भाजलेली धान्यं, डाळ आणि मसाला एकत्र दळून केलेलं पीठ. आज येसर भाजण्यापासून ताट वाढेपर्यंत सगळं बघू. आमटी पंचवीस मिनिटांत होते. कष्ट आहेत ते भाजण्यात, आणि बिघडतं तेही तिथंच. त्यामुळं कढईपाशी आपण जरा जास्त वेळ थांबणार आहोत.

माप लिहून घ्या. गहू एक वाटी, ज्वारी एक वाटी, हरभऱ्याची डाळ एक वाटी. धणे अर्धी वाटी, जिरे दोन चमचे, मिरे एक चमचा, लवंगा दहा-बारा, दालचिनीचे बोटभर दोन तुकडे, मसाला वेलची दोन, तमालपत्राची तीन पानं, चिमूटभर नव्हे तर चांगलं चार-पाच पाकळ्या दगडफूल. दळून झाल्यावर मिसळायला सुंठपूड एक चमचा, हळद एक चमचा, हिंग अर्धा चमचा. एवढ्यात अर्ध्या किलोच्या आसपास येसर होतं, म्हणजे चार माणसांची आमटी दहा वेळा. कुणी ज्वारीच्या जागी बाजरी घेतं, कुणी मूठभर तांदूळ आणि उडदाची डाळही घालतं. उडीद बेतानं घाला, जास्त झाला की आमटी बुळबुळीत होते. लाल मिरची आपण येसरात घालत नाही. लहान मुलांची आमटी वेगळी काढायची तर तिखट फोडणीतच बरं.

(कढई जवळून.)

आता भाजू. सगळं एकदम कढईत ओतायचं नाही. गव्हाचा दाणा जाड, डाळ पातळ. गहू भाजेपर्यंत डाळ करपते, आणि डाळीकडं बघून उतरवलं तर गहू कच्चा राहतो. म्हणून प्रत्येक धान्य वेगळं, मंद ते मध्यम आचेवर, हात न थांबवता. गव्हाला बारा-पंधरा मिनिटं लागतात. रंगावर जाऊ नका, दाणा चावून बघा. कुडकन फुटला आणि आत पांढरा, पिठूळ लागला नाही, म्हणजे झाला. ज्वारीचे चार-दोन दाणे फुटून लाह्या उडायला लागल्या की ती उतरवा. डाळ बदामी झाली, खमंग वास सुटला की लगेच ताटात काढा, कारण गरम कढईत ती आच बंद केल्यावरही लाल होत राहते.

एवढा जोर भाजण्यावर का? कच्चं पीठ उकळत्या पाण्यात गेलं की त्यातला स्टार्च फुगतो, आमटीची खळ होते आणि तोंडात पिठाचा वास राहतो. नीट भाजल्यावर त्या स्टार्चची घट्ट करण्याची ताकद कमी होते. म्हणूनच चांगलं येसर घातलेली आमटी दाटसर असते, पण वाटीतून वाहते. तुमची आमटी दर वेळी पिठल्यासारखी होत असेल, तर पाण्याचं माप तपासायच्या आधी गहू तपासा.

मसाला शेवटी, तेलाचा थेंबही न घालता. तेल लागलं की येसराला खवट वास लवकर येतो. सुकं खोबरं आणि तीळ यात नाहीत तेही याच कारणानं. धणे, जिरे, मिरे, लवंगा, दालचिनी, वेलची मंद आचेवर दोन-तीन मिनिटं. तमालपत्र आणि दगडफूल आच बंद करून नुसतं परतायचं. दगडफूल करपलं तर सगळा डबा कडू, आणि कडवटपणावर उपाय नाही. तिथं गूळ ओतत बसू नका.

भाजलेलं सगळं पूर्ण गार होऊ द्या, निदान दोन तास. गरम दळलं तर वाफ धरून पिठाच्या गाठी होतात. गिरणीत देणार असाल तर मसाल्याच्या गिरणीत द्या, नाहीतर तुमच्या मागं ज्याचे गहू असतील त्याच्या पोळ्यांना आठवडाभर लवंगेचा वास. मिक्सरमध्ये केलं तर बारीक चाळणीनं चाळून राहिलेला चाळ पुन्हा फिरवा. भरड येसर वर पाणी, खाली गाळ असं बसतं. कोरड्या बरणीत तीन-चार महिने टिकतं, फक्त चमचा ओला नको.

(कॅमेरा गॅसकडे.)

आता आमटी. चार माणसांना पाच वाट्या पाणी, म्हणजे साधारण एक लिटर, दुसऱ्या शेगडीवर गरम करायला ठेवा. चार मोठे चमचे येसर, शीग भरून, एका भांड्यात घ्या. त्यावर वाटीभर गार पाणी थोडंथोडं घालत कालवा. गारच. गरम पाण्यात येसर टाकलं की गोळीची बाहेरची बाजू शिजते, आत कोरडं पीठ अडकतं, मग रवी फिरवली तरी गाठ सुटत नाही.

पातेलं मोठं घ्या, येसर उतू जातं. तीन मोठे चमचे तेल. करडईचं असेल तर उत्तम. मोहरी, जिरे, कढीपत्ता, आठ-दहा लसणाच्या पाकळ्या ठेचून. लसूण लालसर झाला की आच बारीक करा, अर्धा चमचा हळद, दीड चमचा तिखट किंवा घरचं काळं तिखट घाला, आणि पाच मोजायच्या आत पळीभर गरम पाणी. हा पळीभर पाण्याचा डाव विसरू नका. तापल्या तेलात तिखट काही सेकंदांत काळं पडतं. पाण्यानं ते थांबतं आणि तवंगही लाल राहतो.

उरलेलं पाणी, मग कालवलेलं येसर. पहिली उकळी येईपर्यंत पळी तळाला घासत ढवळा, येसर खाली बसलं तर लागतं. उकळी आली की लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, मीठ. चिंचेचा विषय निघालाच आहे तर, लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या भागाचंच खास पीक अशी सरकारी नोंद, मिळालं, जिल्ह्यातल्याच कास्तीच्या कोथिंबिरीलाही. मिळाली तर जरूर घ्या. नाही मिळाली तर घरची चिंच घ्या, फक्त ती गरम पाण्यात अर्धा तास भिजू द्या, नाहीतर निम्मा आंबटपणा चोथ्यातच राहतो. आता मंद आचेवर दहा-बारा मिनिटं उकळा. कडेला तेल दिसायला लागलं की कोथिंबीर घालून बंद. पातेल्यात थोडी पातळ वाटली तरी तशीच ठेवा, ताटात येईपर्यंत आळते.

पाहुणा वाढला तर? नुसतं पाणी वाढवू नका. माणशी एक मोठा चमचा येसर गार पाण्यात कालवून, वाटी-सव्वा वाटी गरम पाण्यासोबत घाला, मीठ-तिखट चाखून बघा आणि पुन्हा पाच मिनिटं उकळा.

(परात पुढे.)

भाकरी. चौघांना आठ, त्याला पाऊण किलो पीठ. ज्वारी रब्बीची घ्या: मालदांडी, परभणी मोती, किंवा जालन्याकडची दगडी, जिलाही २०२४ मध्ये मानांकन मिळालं. पीठ मात्र ताजं हवं. आठ-दहा दिवसांत संपेल एवढंच दळून आणा. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग कडा फाटतात आणि थापतानाच भाकरी तुटते. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळं पिठाला धरून ठेवायचं काम गरम पाणी करतं. एका भाकरीला वाटीभर पीठ, त्याला पाऊण वाटी कढत पाणी. विरी गेलेलं पीठ असेल तर पाणी उकळतं घ्या, चमच्यानं कालवा, झाकून पाच मिनिटं ठेवा, मग मळा. एका वेळी एक-दोन भाकरींपुरतंच मळा, आणि तळव्यानं रगडून मळा.

(हात जवळून.)

परातीत कोरडं पीठ पसरून बोटांनी थापा. मधे जाड, कडेला पातळ झाली तर फुगत नाही. तव्यावर टाकताना पीठ लागलेली बाजू वर, आणि तिला लगेच पाण्याचा हात. पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटा. सुकल्यावर उलटली तर वर भेगा पडतात, वाफ तिथून निघून जाते, पापुद्रा सुटत नाही. ही पाणी लावलेली बाजू तव्यावर नीट शेकू द्या, मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर. टम्म फुगते.

एक सांगायचं आहे. गरम भाकरी हवी म्हणून सगळे आधी जेवून घेतात आणि तव्यापाशी जी उभी आहे ती शेवटी, गार आमटीवर. याची गरज नाही. भाकरी टोपल्यात एकावर एक टाकू नका, वाफेनं खालची ओली होते. दोन मिनिटं कडेला उभ्या टेकवा, मग कापडात गुंडाळा. अर्धा तास मऊ राहतात. आठही करून घ्या आणि सगळे एकदमच बसा.

सोबत बुक्कीनं फोडलेला कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. कोवळी मेथी हाती लागली तर घोळाणा: चिरलेली पानं, कांदा, दाण्याचं कूट, मीठ, तिखट, वरून कच्चं तेल. मीठ अगदी वाढताना घाला, आधी घातलं तर पाणी सुटतं.

आमटी उरली तर सकाळी ती थिजलेली दिसेल. अर्धी वाटी गरम पाणी घालून उकळा, शिळी भाकरी चुरून त्यात पाच मिनिटं मुरू द्या, वर कच्चा कांदा.