संपफोड्यांचे तीन सामने

मंडळी, अमेरिकन फुटबॉल समजायला मला दोन वर्षं लागली. तुम्हाला तो दोन मिनिटांत सांगतो, आजच्यापुरतं तेवढ्यात भागेल. शंभर यार्डांचं मैदान. ज्याच्याकडे चेंडू त्याला चार प्रयत्न. चारांत दहा यार्ड पुढे सरकलात तर पुन्हा चार मिळतात, नाही सरकलात तर चेंडू समोरच्याला. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, सहा गुण. चेंडू हातात घेऊन दोन-तीन सेकंदांत तो कोणाकडे फेकायचा हे ठरवतो तो क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच दांडगे गडी भिंतीसारखे उभे. वॉशिंग्टनच्या त्या भिंतीला लोक लाडाने ‘हॉग्ज’ म्हणत, म्हणजे डुकरं. खेळ फुटबॉल, पण पायाचं काम मुख्यतः पळायचं.

मी बोलणार आहे तो वॉशिंग्टनचा १९८७ चा हंगाम. संघाला तेव्हा जे टोपणनाव होतं तो तिथल्या मूळ रहिवाशांना हिणवणारा शब्द होता. २०२० मध्ये ते नाव काढलं, आता त्यांना कमांडर्स म्हणतात. मी आज नुसतं वॉशिंग्टन म्हणेन.

तेव्हा मी मेरीलँडमध्ये शिकत होतो. एका घराच्या तळघरात आम्ही तिघं राहायचो आणि वरच्या मालकाच्या टीव्हीवर सामने बघायचो. स्टेडियमचं तिकीट मिळणं ही अशक्य गोष्ट. हंगामाची तिकिटं वारसाहक्काने बापाकडून मुलाकडे जायची. आणि तरीही ४ ऑक्टोबर १९८७ च्या रविवारी मी वॉशिंग्टनच्या घरच्या मैदानात, आरएफके स्टेडियमच्या आत बसलो होतो, अगदी मधल्या रांगेत. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या. बाहेर एका माणसाने जवळजवळ फुकटात तिकीट हातात कोंबलं होतं. तो स्वतः आत येणार नव्हता, कारण खेळाडू संपावर होते.

संप कशासाठी? करार संपला तरी खेळाडूला दुसऱ्या संघात मोकळेपणी जाता येत नसे. नव्या संघाला जुन्या मालकाला भरपाई द्यावी लागे, आणि ती इतकी जबर असे की कोणी वाटेलाच जात नसे. म्हणजे कागदावर स्वतंत्र, प्रत्यक्षात वेठीला. संघटनेचे पुढारी जीन अपशॉ हे स्वतः जुने खेळाडू. १९८२ मध्ये याच खेळाडूंनी सत्तावन्न दिवस संप केला होता. तेव्हा सामने बंद पडले आणि मालकांना टीव्हीच्या पैशांचा फटका बसला. या वेळी मालकांनी आधीच ठरवलं होतं, काही झालं तरी सामने होणार. दुसऱ्या आठवड्यानंतर, २२ सप्टेंबरला संप सुरू झाला. तिसऱ्या आठवड्याचे सामने रद्द झाले, म्हणून सोळाऐवजी पंधरा सामन्यांचा हंगाम झाला. चौथ्या आठवड्यापासून मैदानात उतरली ती माणसं तुम्ही-आम्ही ओळखत नव्हतो. ऑगस्टच्या शिबिरातून घरी पाठवलेले, बंद पडलेल्या लीगमधले, कुठे कुठे पोटापाण्याला लागलेले.

त्यांना तिकडे ‘स्कॅब’ म्हणतात. जखमेवरची खपली. आपल्याकडे संपफोडे. माझे मामा लालबागला राहायचे, गिरणीत साच्यावर होते आणि १९८२ च्या संपात घरी बसले ते बसलेच. ‘बदली’ हा शब्द मी त्यांच्या घरात ऐकला. बदलीवाला म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहणारा, कोणी गैरहजर असला तर आत जाणारा. बदलीवाल्याचा राग कोणी करत नसे. संपफोड्याचा मात्र करत. त्या रविवारी फलक धरून उभ्या माणसांच्या बाजूने मान खाली घालून मी आत गेलो. मामांना कळवायच्या पत्रात या सामन्याचा उल्लेख केला नाही, एवढं आज सांगून टाकतो.

आणि सामना चांगला झाला, हीच तर पंचाईत! सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्ध वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक होता एड रबर्ट. महिनाभरापूर्वी हे नाव त्याच्या गल्लीबाहेर कोणी ऐकलं नसेल. अँथनी अ‍ॅलन नावाच्या गड्याने त्याचे सात पास झेलले, २५५ यार्ड, तीन टचडाउन. संघाच्या इतिहासात एका सामन्यात तोवर कोणी इतके यार्ड घेतले नव्हते. २८-२१. पुढच्या रविवारी न्यूयॉर्क जायंट्सना त्यांच्या घरी ३८-१२. जायंट्स आदल्या वर्षीचे विजेते, आणि आता शून्य-चार, म्हणजे विजय शून्य, पराभव चार.

तिसरा सामना १९ ऑक्टोबरचा, सोमवारी रात्री, डॅलसला. संप १५ तारखेला कोसळला होता. करार न मिळताच खेळाडू कामावर परत आले, पण त्या आठवड्याच्या खेळात घेण्याची मुदत उलटली होती, म्हणून बदली माणसंच खेळली. डॅलसमध्ये मात्र टोनी डॉरसेट, डॅनी व्हाइट, रँडी व्हाइट असे नामवंत आधीच संप सोडून आत आलेले. वॉशिंग्टनच्या नियमित खेळाडूंपैकी एकही आत आला नव्हता. म्हणजे एकीकडे तारे, दुसरीकडे कोण कुठले. रबर्टचा खांदा दुखावला आणि आत आला टोनी रॉबिन्सन. टेनेसी विद्यापीठाचा एके काळचा हिरा. कोकेनच्या प्रकरणात शिक्षा झालेली, ती अजून संपलेली नव्हती, कामासाठी मिळालेल्या सवलतीवर तो बाहेर होता. लायोनेल व्हायटलने चेंडू घेऊन १३६ यार्ड पळ काढला. वॉशिंग्टन १३-७ ने जिंकलं. आम्ही तळघरात नव्हे, मालकाच्या दिवाणखान्यात उड्या मारल्या. त्यानंतर त्या संघातल्या बहुतेकांना निरोपाचा नारळ मिळाला.

आता मला जे सांगायचंय ते इथून. संघबांधणी करणारे चार्ली कॅसर्ली आणि प्रशिक्षक जो गिब्ज यांनी या संपाचा हिशेब इतरांपेक्षा वेगळा मांडला. फिलाडेल्फियाचे प्रशिक्षक बडी रायन यांनी बदली खेळाडूंकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि आपल्या संपकऱ्यांच्या मनात ते कायमचे बसले. त्या संघाचा पहिला बदली सामना शिकागोशी झाला. बाहेर ट्रकचालकांच्या संघटनेचे लोक ठाण मांडून, आत प्रेक्षक जेमतेम चार हजार. तिन्ही सामने फिलाडेल्फिया हरलं. गिब्जनी आपल्या नियमित माणसांना सांगितलं होतं, जे कराल ते सगळे मिळून करा, फुटू नका. आणि त्याच वेळी आतल्या अनोळखी पोरांना रात्री-अपरात्री बसवून ते खेळी शिकवत होते. दोन्ही डगरींवर पाय. याला मुत्सद्देगिरी म्हणा, नाहीतर पक्का व्यवस्थापकी बेरकीपणा म्हणा. मी तीस-पस्तीस वर्षं दोन्ही म्हणत आलोय.

आकडे बघा. वॉशिंग्टनने हंगाम ११-४ असा संपवला. त्यातून बदलीचे तीन काढा, नियमित संघाचे उरतात ८-४. फिलाडेल्फियाचा नियमित संघ ७-५ होता, म्हणजे फक्त एका सामन्याचं अंतर. पण बदलीचे तीन पराभव धरून त्यांचे झाले ७-८, आणि ते घरी बसले. मिनेसोटाचा नियमित संघ तर बरोब्बर ८-४, वॉशिंग्टनइतकाच. त्यांचेही बदली तिन्ही हरले, म्हणून ८-७, कसेबसे बाद फेरीत. अजून एक गंमत. वॉशिंग्टनने ते तिन्ही सामने गमावले असते तर गटात वॉशिंग्टन, डॅलस आणि सेंट लुईस हे तिघं ८-७ वर बरोबरीत आले असते. पुढे कोण गेलं असतं देव जाणे. गटविजेतेपद त्या तीन सामन्यांत पक्कं झालं.

आता डग विल्यम्स. हा गडी नसता तर मी आज इथे उभा राहिलो नसतो. तो संपावर होता, फलकवाल्यांतला. खरं तर गप्प आत जायला त्याच्यापाशी कुणाहून अधिक कारणं होती. लुइझियानातला झकरी गावचा मुलगा, ग्रँबलिंग या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात एडी रॉबिन्सन यांच्या हाताखाली तयार झालेला. त्या काळात काळा क्वार्टरबॅक ही गोष्टच लोकांना पचत नसे. डोक्याचा खेळ गोऱ्यांनी खेळायचा, पळायचं काम यांनी करायचं, असा तो समज. १९७८ मध्ये टँपा बेचे सहायक प्रशिक्षक त्याला पाहायला लुइझियानाला गेले, ते गृहस्थ म्हणजे जो गिब्ज. टँपाला त्याने चार वर्षांत तीनदा बाद फेरीत नेलं. पगार मात्र कितीतरी राखीव क्वार्टरबॅकपेक्षा कमी. १९८३ मध्ये त्याची बायको मेंदूतल्या गाठीने गेली, पदरात तान्ही मुलगी. पगारावरून मालकाशी फिसकटलं, तो दुसऱ्या लीगमध्ये गेला, आणि ती लीगच बुडाली. १९८६ मध्ये एकाच माणसाचा फोन आला. परत गिब्ज. जे श्रोडर नावाच्या तरुणाच्या मागे राखीव म्हणून ये, म्हणाले. त्या अख्ख्या हंगामात विल्यम्सने एक पास फेकला. तोही चुकला.

१९८७ मध्ये श्रोडर अडखळला की विल्यम्स येऊन सावरायचा. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, मिनेसोटात, त्याने असंच सावरलं आणि गिब्जनी बाद फेरीसाठी त्याचं नाव जाहीर केलं. शिकागोच्या कडाक्याच्या थंडीत २१-१७. डॅरेल ग्रीनने बरगडी दुखावून घेत ५२ यार्ड पळून टचडाउन केला तो सामना हाच. मग मिनेसोटा, १७-१०.

आणि आता थोडं मागे जाऊ, कारण त्या आरएफके स्टेडियमची एक कहाणी आहे. जॉर्ज प्रेस्टन मार्शल या मूळ मालकाने १९६१ पर्यंत संघात एकही काळा खेळाडू घेतला नव्हता. सगळ्या लीगमध्ये शेवटचा संघ तोच. पण नवं स्टेडियम सरकारी जमिनीवर. केनेडींचे गृहमंत्री म्हणू नका, तिकडे अंतर्गत खातं म्हणजे जमिनी-जंगलांचं, त्याचे मंत्री स्टुअर्ट युडाल. त्यांनी सांगितलं, भेदभाव करणार असाल तर स्टेडियम मिळणार नाही. १९६२ मध्ये बॉबी मिचेल आला. सव्वीसेक वर्षांनी विल्यम्स अंतिम सामन्याला निघाला तेव्हा हेच मिचेल संघाच्या व्यवस्थापनात होते.

३१ जानेवारी १९८८, सॅन डिएगो, समोर डेन्व्हर आणि त्यांचा जॉन एलवे. आदल्या दिवशी विल्यम्सच्या दाताचं रूट कॅनल झालेलं. एलवेने पहिल्याच चेंडूवर ५६ यार्डांचा टचडाउन फेकला. डेन्व्हर १०-०. विल्यम्सचा पाय मुरगळला, तो लंगडत बाहेर गेला. परत आला. दुसरा पाव, म्हणजे सामन्याचा दुसरा चतुर्थांश, सुरू झाला.

पहिली खेळी फक्त सात यार्डांची होती, हे लक्षात घ्या. रिकी सँडर्सने थोडं पळून थांबायचं, विल्यम्सने चेंडू द्यायचा, बस. पण समोरचा बचावपटू अंगाला अंग लावून उभा राहिला. अशा वेळी काय करायचं हे शिकवलेलं असतं: थांबायचं नाही, सरळ पळत सुटायचं. सँडर्सने बघितलं, विल्यम्सने तेच बघितलं. दोघांत एक शब्द नाही. सँडर्स त्या माणसाच्या बाजूने सटकला, चेंडू हवेत तरंगला आणि त्याच्या ओंजळीत पडला. ८० यार्ड. पुढची बारा-पंधरा मिनिटं मला सलग आठवत नाहीत, सगळे टाळ्या पिटत होते एवढंच आठवतं. गॅरी क्लार्क, मग टिमी स्मिथ ५८ यार्ड पळाला, मग पुन्हा सँडर्स, मग क्लिंट डिडिए. एका पावात अठरा खेळी, ३५ गुण. स्मिथ हा पोरगा अख्ख्या हंगामात १२६ यार्ड पळाला होता, त्या एका दिवसात २०४. आपण सुरुवातीपासून खेळणार हे गिब्जनी त्याला शेवटपर्यंत सांगितलंच नव्हतं, घाबरेल म्हणून. आणि हॉग्जची ती जुनी चलाखी: भिंत एका बाजूला झुकल्यासारखी दिसते, आणि तिच्यातलेच दोन गडी उलट बाजूला वळून स्मिथची वाट मोकळी करतात. डेन्व्हरवाले चुकीच्या बाजूला धावले.

४२-१०. सामनावीर विल्यम्स. मैदानातून आत जाताना एडी रॉबिन्सन उभे होते. त्यांनी त्याला मिठी मारली. ते चित्र टीव्हीवर बघताना आमचा मालक, सत्तरीचा कृष्णवर्णीय पोस्टमन, उठून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

संपाचं काय झालं, हे मामांनी विचारलं होतं. खूप वर्षांनी, लालबागच्याच घरात, मी शेवटी सगळं सांगितलं तेव्हा. म्हटलं, हरले, करार न घेता परत गेले. पण कोर्टात लढत राहिले आणि १९९३ पासून खेळाडूंना मोकळेपणी संघ बदलता येतो. मामा म्हणाले, “कोर्टात गेले ते बरं केलं.” मग विचारलं, “आणि ते बदलीवाले?” संपफोडे नाही म्हणाले.

त्यांना अंगठीसुद्धा मिळाली नव्हती. विजेत्या संघाला अंगठी देतात तिकडे, हिऱ्यांची, बोटाला जड. तीन सामने जिंकणाऱ्यांना ती नाही. नियमित खेळाडूंपैकी बऱ्याच जणांच्या मनात अढी होती, आणि ती का होती हे लालबागच्या घरात बसून मला समजावून सांगायची गरज नव्हती. २०१८ मध्ये संघाने त्या माणसांना बोलावून अंगठ्या दिल्या. तीस वर्षांनी. मी ती दृश्यं फोनवर बघितली. पन्नाशी ओलांडलेली माणसं, कोणाचं पोट सुटलेलं, कोणाचे केस गेलेले, अंगठी बोटात घालून उलटसुलट करून बघतायत. मामा तोवर गेले होते.

त्या रविवारचा तिकिटाचा अर्धा तुकडा मी आणलाय. सामना संपल्यावर, म्हणजे आपलं हे संपल्यावर, ज्यांना बघायचाय त्यांनी पुढे या. किंमत छापलीय त्यावर, पण मी तेवढी दिली नव्हती.