म्हावरं कुठलं, बाय?

श्रोतेहो, नमस्कार.

माझं माहेर ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातलं. आत्या बाजारात टोपली घेऊन बसायची आणि शाळा सुटली की मी तिच्या शेजारी जाऊन बसायचे. गिऱ्हाईक यायचं, मासा उचलायचं, कल्ला वर करून आत लाल आहे का बघायचं, मग डोळा, मग अंगठ्यानं दाबणं. खड्डा राहिला की मासा परत टोपलीत. ही परीक्षा आपल्याकडे घराघरांत शिकवावी लागत नाही, बघता बघता येते. एक म्हातारी आजी मात्र कल्ला बघायच्या आधी विचारायची, "म्हावरं कुठलं, बाय?" खाडीचं की दर्याचं, कुठल्या बंदरावरचं. आत्यानं सांगितलं की मगच ती टोपलीत हात घालायची.

आज मी वाशीला मुलांना रसायनशास्त्र शिकवते आणि तो प्रश्न मला रोज आठवतो. कारण पारा, शिसं, कॅडमियम या विषारी धातूंना वास नाही, आणि माशात उतरल्यावर रंग नाही की चव नाही. अंगठ्याला ते कळत नाहीत. पारा साठलेल्या माशाचा कल्लाही लालबुंदच असतो.

हे धातू आपल्या ठाण्याच्या खाडीत आले कसे? ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६० च्या दशकापासून कारखाने उभे राहिले. रंग, रसायनं, औषधं, धातूंवर मुलामा देण्याची कामं. कॉस्टिक सोडा करण्याच्या जुन्या पद्धतीत तर पाराच वापरत. ती पद्धत आपल्याकडे मागे पडली. पेट्रोलमधलं शिसं २००० साली देशभर बंद झालं. मग आता काळजी कसली, असं कुणी विचारेल. काळजी चिखलाची आहे. सेंद्रिय घाण वर्षा-दोन वर्षांत कुजून जाते, धातू कुजत नाही. ठाण्याकडे खाडी चिंचोळी होत जाते, भरती-ओहोटीनं ती समुद्राकडच्या तोंडासारखी धुतली जात नाही. आलेला गाळ तिथंच बसतो आणि गाळाबरोबर इतक्या दशकांचा हिशेबही.

त्या गाळात, जिथं हवा पोचत नाही तिथं, काही जिवाणू राहतात. ते साध्या पाऱ्याचा मिथिल पारा करतात. हा पारा जिवंत पेशींत सहज शिरतो आणि लवकर बाहेर पडत नाही. बारीक जीव तो घेतात, त्यांना कोळंबी आणि बोय खातात, आणि कोळंबीला नि बोयला जिताडा. दर पायरीला पारा वाढत जातो. म्हणून पाण्याच्या तपासणीत आकडा नगण्य दिसला, तरी मोठ्या शिकारी माशात तो लाखो पटींनी जास्त असू शकतो. नुसतं पाणी तपासून "सगळं ठीक आहे" म्हणणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही, तो याचमुळे.

जपानमधल्या मिनामाता या गावाची गोष्ट आपल्या कोळीवाड्यांनी ऐकायलाच हवी. तिथल्या एका रसायन कारखान्याचं पारा असलेलं पाणी खाडीत जायचं. आधी मांजरं झटके येऊन मेली, ती मासळीच्या तुकड्यांवर जगणारी. १९५६ साली माणसांतला आजार अधिकृतपणे नोंदला गेला. हातापायांना मुंग्या, बोलणं अडखळणं, चालताना तोल जाणं, नजर आकसत जाणं. आधी सापडली ती मासेमारांचीच घरं, कारण रोज दोन वेळा तेच ताट. काही आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, पण त्यांची बाळं जन्मतःच मेंदूची इजा घेऊन आली. आईच्या अंगातला पारा वारेतून बाळाकडे गेला होता. आणि कारखान्याचं ते पाणी थांबलं १९६८ साली, म्हणजे बारा वर्षांनी.

आपल्याकडे मिनामाता झालंय असं मी म्हणत नाही. पण गर्भवतीच्या ताटाकडे बघताना ती गोष्ट डोळ्यांपुढे ठेवायला हवी. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं कालवण देण्याची आपली रीत आहे. मलाही माझ्या आईनं दिलं होतं, मायेनं दिलं होतं. पण मोरी म्हणजे शार्कच, आणि मोठी मोरी म्हणजे कितीतरी वर्षं दुसरे मासे खाऊन वाढलेला जीव. पोटात बाळ असताना आणि अंगावर पाजताना मोठी मोरी, मोठा कुपा म्हणजे ट्यूना, हातभर लांब सुरमईचे तुकडे टाळावेत. त्याऐवजी मांदेली, तारली, बांगडा, मुडदुशी द्यावी. हे लहान मासे थोडं जगतात, त्यामुळे त्यांच्यात पारा साठायला वेळच मिळत नाही. मासे बंद करा असं मात्र मी कुणाही बाईला सांगणार नाही. बाळाच्या मेंदूला लागणारी चरबी माशातूनच उत्तम मिळते. अंगातला मिथिल पारा निम्म्यावर यायला साधारण दोन महिने लागतात, म्हणून ही काळजी दिवस राहायच्या आधीपासून घेतलेली बरी.

आता चिंबोरी. पाठ उघडली की आत पिवळट-तपकिरी, मऊ भाग दिसतो. बरेच जण तो बोटानं काढून चवीनं खातात. ते खेकड्याचं यकृत म्हणता येईल असं इंद्रिय, आणि कॅडमियम सगळ्यात जास्त साठतं ते तिथंच. खाडीतल्या चिंबोरीचा तो भाग काढून टाका, पायांतलं आणि नांग्यांतलं मांस खा. कालवं आणि शिंपल्या दिवसभर पाणी गाळत बसतात, पाण्यातलं सगळं त्यांच्यात उतरतं. नाल्याच्या तोंडाजवळची कालवं खाऊ नका. चिखलातल्या निवट्यांचंही तेच.

कॅडमियम एकदा मूत्रपिंडात गेलं की त्यातलं निम्मं बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. जपानच्याच जिंझू नदीकाठी कॅडमियम असलेल्या पाण्यावर पिकलेला भात खाऊन बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानंही मोडायची. त्या आजाराचं नावच "इताई-इताई", म्हणजे "दुखतंय, दुखतंय". नाल्याच्या पाण्यावर रेल्वेरुळांकडेला पिकणारा पालक आणि माठ मी घेत नाही, तो यासाठी. पालेभाजी कॅडमियम चटकन ओढून घेते.

शिशाबद्दल एकच, पण महत्त्वाचं. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी पातळीच नाही. ज्या मुलाच्या अंगात लोह कमी, ते शिसं जास्त शोषतं. म्हणून मुलाचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.

पाण्याचं विचाराल, तर नवी मुंबईच्या नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं, ठाण्याला भातसा आणि उल्हास नदीचं, शुद्ध करून. खाडीचं पाणी आपण पीत नाही. पण कारखान्यांच्या आसपास बोअरवेल असेल, तर प्रयोगशाळेतून धातूंची तपासणी केल्याशिवाय ते पिऊ नका. एका लिटरमध्ये शिसं ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. आणि पाणी उकळून धातू जात नाहीत. पाणी आटतं, धातू तेवढाच राहतो. माशाचंही तसंच, तळा, शिजवा, चिंच-कोकम घाला, पारा मांसाला धरूनच राहतो.

माझ्या कोळी भावंडांनो, हे ऐकून कुणी तुमची टोपली टाळावी असं मला मुळीच वाटत नाही. खाडीत घाण तुम्ही सोडलेली नाही, आणि ती रोज पोटात घेणारे पहिले तुम्हीच आहात. म्हणून माझी मागणी आहे: ठाण्यापासून बेलापूरच्या दिवाळे गावापर्यंत प्रत्येक कोळीवाड्यातली मासळी आणि गाळ दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासला जावा. जिताडा वेगळा, चिंबोरी वेगळी, कालवं वेगळी. आणि त्याचे आकडे कुठल्या फाइलीत न ठेवता जेट्टीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावेत, भरती-ओहोटीच्या वेळा लिहितो त्याच फळ्यावर.

नमस्कार.