खंबीरपणाचा हिशेब

आजच्या भाषणाचा विषय पैशांचा ठरला आहे, त्याकडे येतेच. आधी एका कौतुकाबद्दल बोलू द्या. अमेरिकेतल्या पन्नाशीच्या कृष्णवर्णीय डॉक्टर, वकील, मुख्याध्यापिका यांना घरात, ऑफिसात, चर्चमध्ये एकच ऐकावं लागतं: तू खंबीर आहेस. संशोधक शेरिल वुड्स-जिस्कोम्बे यांनी २०१० मध्ये या खंबीरपणाची पाच अंगं मांडली. त्यातलं एक म्हणजे इतरांना मदत करण्याचं बंधन. ते आलं कुठून? १९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातून, म्हणजे सरकारी पेन्शनच्या कायद्यातून, शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, आणि दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय बायका तीच कामं करत. पेन्शन नाही, मग म्हातारपणाचा आधार कोण? शिकलेली लेक, नाहीतर नात. घरचे याला माया म्हणतात. मायाही आहेच, पण हा भार कायद्याने टाकलेला आहे, हे मी ठासून सांगते.

आता रजेचं बघा. घरच्या आजारी माणसाची काळजी घ्यायला १९९३च्या कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेच्या कायद्याने वर्षाला १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते. मालकाकडे किमान ५० कर्मचारी हवेत, आपलं वर्षभराचं काम आणि १,२५० तास भरलेले हवेत. रजा आई-वडील, नवरा आणि मुलांसाठी. आजी, मावशी, भाऊ यांची नावं नाहीत. आणि या घरांत तर आजीनेच वाढवलेलं असतं! बायका गप्प बसतात, स्वतःच्या सुट्ट्या जाळतात. पण लहानपणी जिने रोज सांभाळलं किंवा पोसलं, ती कायद्याने पालकच. रक्ताचं नातं लागत नाही, दत्तकपत्र लागत नाही. साधं लेखी निवेदन पुरतं.

शिवाय रजा तासांत तोडता येते. समजा आजीचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. आठवड्याचे ४० तास धरले, तर १२ आठवड्यांचे ४८० तास होतात. आठवड्याला १२ गेले तर ४० आठवडे पुरतात. घोटाळा होतो तो डॉक्टरांच्या दाखल्यात. 'गरजेनुसार' एवढंच लिहिलं की कागद अपुरा म्हणून परत येतो, आणि दुरुस्तीला सात दिवस मिळतात. किती वेळा आणि दर वेळी किती तास, दोन्ही लिहून घ्या.

आयोजक पाचच मिनिटं उरलीत म्हणतात, तेव्हा पैशांचं भराभर. मुलीच्या फीसाठी नोकरीतल्या निवृत्ती योजनेच्या खात्यातून २०,००० डॉलर काढले, वय साडेएकोणसाठच्या आत असलं, तर १० टक्के दंड आणि, २२ टक्क्यांच्या टप्प्यात असलात तर, तेवढा केंद्रीय कर. हातात १३,६०० येतात. योजनेत सोय असेल तर त्याच खात्यावर कर्ज घ्या: आपल्या हक्काच्या शिलकीच्या निम्मं, जास्तीत जास्त ५०,०००, सहसा पाच वर्षांत फेड. मात्र नोकरी सोडायच्या बेतात असाल तर नको. उरलेली रक्कम त्या वर्षीचं विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत भरली नाही, तर ती काढलेलीच धरतात, म्हणजे पुन्हा तोच कर आणि दंड.

आणि भाच्याच्या कर्जावर जामीन म्हणून सही करण्याआधी विचारा: हप्ता चुकला तर मला कळवणार कोण? कारण वसुली पूर्ण रकमेची होते.