राखड चंद्रपूरची, नियम दिल्लीचे

समोर दिसतो तो चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा राख बंधारा. उन्हाळ्यात वारा सुटला की इथली राखड उडते आणि आसपासच्या गावांत दोरीवरच्या लुगड्यांवर, माठावरच्या झाकणीवर जाऊन बसते.

या राखडीचे नियम दिल्लीत ठरतात. वीज केंद्रांनी सगळी राख वापरात आणावी, ही 31 डिसेंबर 2021 ची केंद्राची अधिसूचना. पण गावकरी तक्रार घेऊन जातो ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूरच्या कचेरीत. आणि हे मंडळ राज्याचं.

केंद्राचे नियम राज्याने का राबवायचे? एक तर पाणी हा घटनेनुसार राज्यांचा विषय. 1974 चा जल प्रदूषण कायदा संसदेने केला, तोही आधी काही राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून दिल्यावर. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा तर 1969 चा, मंडळ 1970 चं. केंद्राचा कायदा आपण स्वीकारला 1981 मध्ये.

शिवाय नमुना घ्यायला माणूस जवळचाच लागतो. सांडपाणी बाहेर पडतं तिथे उभं राहून कॅन भरायचा, कारखानदाराने मागणी केली तर त्याचे दोन भाग करायचे, सील ठोकायचं, सह्या घ्यायच्या. यात कसूर झाली तर तपासणीचा अहवाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

खरं कारण मात्र मंडळाच्या संमतीपत्रात आहे, असं आम्हाला वाटतं. कारखाना उभारायला ते लागतं, चालवायला पुन्हा लागतं. त्याची फी मंडळाकडे येते, पण फीपेक्षा सही मोलाची. उद्योग आणायचे मुंबईने आणि कुलूप ठोकायचं दिल्लीने, हे कुठल्या मुख्यमंत्र्याला रुचेल?

गोम अशी, की 2920 मेगावॉटचं हे वीज केंद्र महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचं, म्हणजे राज्याचंच. मंडळाचा अध्यक्षही राज्य सरकारच नेमतं. मंडळाने नोटीस काढली तरी ती घरातल्या घरातच फिरते. 2009 मध्ये चंद्रपूरला अतिप्रदूषित पट्ट्यांच्या यादीत घातलं ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने, आणि पुढच्या वर्षी नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या रोखल्या त्या केंद्राच्या मंत्रालयाने. राज्य मंडळ केंद्रीय मंडळाचे निर्देश धुडकावत असेल आणि त्यातून गंभीर संकट ओढवलं असेल, तर त्याचं काम केंद्रीय मंडळाकडे सोपवता येतं; तशी तरतूद कायद्यात आहे. गावकऱ्याला ती मागता येत नाही. त्याने जायचं राष्ट्रीय हरित लवादाकडे, ज्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे.